परवाना नसलेली भट्टी

एप्रिल २०२२मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोहाच्या दारूला विदेशी करून टाकलं. काजू, मोहाची फुलं आणि इतर फळाफुलांपासून काढलेल्या मद्याची नोंद तोवर 'देशी' या वर्गात व्हायची, ती यापुढे 'विदेशी मद्य' म्हणून करायची, असा तो निर्णय होता. त्यामागचं कारण व्यवहाराचं होतं. 'देशी' हा शिक्का बसला की माल देशी दारूच्या दुकानातच अडकतो आणि बऱ्या हॉटेलात त्याला कुणी विचारत नाही. तर्क पटण्यासारखा आहे. तरीही सातपुड्यातल्या झाडाचं फूल, सातपुड्यातलं पाणी, सातपुड्यातलं मडकं आणि त्यातून निघालेली वस्तू विदेशी, हे वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही.

या हसण्यामागे साधारण दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो सांगायला मला थोडं ब्रुसेल्सला जावं लागणार आहे. पण आधी झाड.

रावेर, यावल, चोपडा हे जळगाव जिल्ह्यातले तालुके, धुळ्यातला शिरपूर, आणि त्याच्या पश्चिमेला शहादा, तळोदा, अक्राणी, अक्कलकुवा. ही सगळी सातपुड्याची एकच सलग पट्टी आहे. यातला पश्चिमेचा भाग १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, पण इतिहासापुरतं हे सगळं खानदेशच. भिल्ल, पावरा, बारेला, तडवी यांची वस्ती असलेल्या या डोंगरात मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे शेतात काही काम नसतं आणि घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं तेव्हा, मोह फुलतो. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. बायका आणि मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर गुरं, माकडं आणि अस्वलं आधी पोचतात. ही पांढरट, मांसल, रसदार फुलं उन्हात वाळली की तांबूस, मनुक्यासारखी दिसू लागतात. वाळलेल्या फुलाच्या वजनातली निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून मोह आधी अन्न आहे. भाजून, उकडून, पिठात मिसळून तो खाल्ला जातो, आणि दुष्काळात याच फुलांवर माणसं तगली आहेत. बियांचं तेल निघतं ते वेगळंच.

आता दारू. वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालायची. हवामानानुसार चार-सहा दिवसांत फेस येतो, आंबूस वास सुटतो. मग ते मडकं चुलीवर चढवायचं, वर दुसरं भांडं, सांधे मातीने लिंपायचे, वाफ नळीवाटे थंड भांड्यात न्यायची, आणि थेंब थेंब धार पडू लागते. पहिल्या धारेची सगळ्यात कडक, हा वाक्प्रचार मराठीत इथूनच आला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ऊर्ध्वपातनाची आकृती काढून ज्यांनी मार्क मिळवले, त्यांना ही रचना पाहताक्षणी ओळखू येईल.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीच घालत नाही, ती म्हणजे यीस्ट. साखरेची दारू करणारं किण्व फुलांवर, मडक्याच्या भिंतींत आणि हवेत आधीपासूनच असतं. काही घरांत मागच्या खेपेचा थोडा गाळ नव्या पाण्यात टाकतात, आपण विरजण लावतो तसं. पण विरजण विकत आणलेलं नसतं. ते त्या घराचं आणि त्या रानाचं असतं.

जगात याच तत्त्वावर चालणारं आणि सगळ्यात जास्त कौतुक झालेलं पेय म्हणजे बेल्जियमची लाम्बिक बिअर. ब्रुसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येचा सेन नदीच्या खोऱ्यातला टापू एवढाच तिचा मुलूख. बार्लीचा माल्ट आणि सुमारे एकतृतीयांश कच्चा गहू उकळून काढलेलं गोड पाणी रात्रभर माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात उघडं ठेवतात. कौलांच्या फटीतून वारा येतो, वाऱ्याबरोबर जंगली यीस्ट आणि जिवाणू येतात. सकाळी ते पाणी लाकडी पिंपांत भरतात आणि एक ते तीन वर्षं विसरून जातात. उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू फार असतात म्हणून हे काम ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चालतं. पिंपांच्या खोलीतली कोळ्याची जाळी झाडत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळी करतात.

१९०० साली पॉल कांतियों नावाच्या माणसाने ब्रुसेल्सच्या अँडरलेख्त भागात बायको मारीबरोबर या बिअरचा धंदा सुरू केला. आधी ते इतरांकडून लाम्बिक आणून मुरवायचे आणि वेगवेगळ्या वर्षांची एकत्र करून 'गझ' नावाची फेसाळ बिअर बाटलीत भरायचे. मुलगे हाताशी आल्यावर १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतः बिअर गाळायला सुरुवात केली. पुढे धंदा नातीच्या नवऱ्याकडे, जाँ-पिएर व्हान रॉय यांच्याकडे, आणि मग त्यांच्या मुलाकडे आला. मधल्या काळात गोड, झटपट बिअर आणि कोल्ड्रिंक यांच्यासमोर ही आंबट बिअर मरायला टेकली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये तीन हजारांच्या वर बिअरच्या भट्ट्या होत्या, त्यांतल्या बहुतेक गेल्या. व्हान रॉय यांनी १९७८ साली आपली भट्टी चालू ठेवूनच तिचं संग्रहालय केलं. आज जगभरातून लोक कोळ्याची जाळी बघायला तिकीट काढून जातात. १९९७ साली युरोपीय संघाने लाम्बिक आणि गझ या नावांना पारंपरिक पद्धतीचं कायदेशीर संरक्षण दिलं आणि २०१६ साली बेल्जियमची एकूण बिअर संस्कृतीच युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

इथे थोडं थांबतो. लाम्बिक ही बिअर आहे, मोहाची दारू गाळलेली असते, तिच्यात अल्कोहोल कितीतरी जास्त. तेव्हा दोन्ही सारख्याच, असं मला म्हणायचं नाही. मला रस आहे तो कायद्यात. लाम्बिकची रेसिपी कुण्या साधूने स्वप्नात पाहिलेली नाही, तिच्यात करवसुलीचाही हात आहे. १८२२ साली, बेल्जियम अजून नेदरलँड्सच्या राजाकडे असताना, बिअरवरचा कर माल्ट भिजवायच्या हौदाच्या आकारावर बसवला गेला. मग भट्टीवाल्यांनी हौद लहान ठेवले, ते काठोकाठ भरले, आणि गढूळ रस वरचेवर काढून उकळायची जी वेळखाऊ पद्धत लाम्बिकमध्ये आजही दिसते ती या कराच्या हिशोबात चपखल बसली. पुढे १९१९ साली समाजवादी मंत्री एमिल व्हान्डरवेल्ड यांनी कायदा आणून गुत्त्यांत बसून कडक दारू पिणं बंद केलं आणि बाहेर विकायची तर किमान दोन लिटर एकदम, असं ठरवलं. आठवड्याच्या पगारात कामगाराला तेवढी परवडू नये हा हेतू. तो कायदा १९८३पर्यंत टिकला. त्यात बिअर मात्र मोकळी राहिली. म्हणजे दारूबंदीची लाट तिथेही आली, पण घरच्या भट्टीला तिने एक दार उघडं ठेवलं.

खानदेशात असं दार ठेवलं गेलं नाही.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. डोंगरातल्या भिल्लांना आधी लढून, मग १८२५पासून धरणगावच्या भिल्ल पलटणीत भरती करून 'शांत' करण्यात आलं. या काळातल्या इंग्रजी लिखाणात भिल्ल आणि दारू हे दोन शब्द जोडीनेच येतात. पिऊन पडलेला, आळशी, कर्जबाजारी भिल्ल. हे लिहिणाऱ्या सरकारचा त्या दारूशी काय संबंध होता, ते मात्र त्या वर्णनात येत नाही. तो संबंध १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यात आहे. चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याने या व्यवस्थेची घडी बसवली. घरोघरी, गावोगावी गाळणं बंद. दारू फक्त सरकारच्या नजरेखालच्या मोठ्या भट्टीत गाळली जाईल, तिच्यावर गॅलनमागे कर लागेल, आणि मक्तेदार ती परवान्याच्या दुकानातून विकेल. मक्ता लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला, आणि त्याने सरकारला ठरावीक किमान उत्पन्नाची हमी द्यायची. हमी दिली म्हणजे ती भरून काढणं आलं. त्यासाठी दुकानं वाढवणं आलं, उधारी आली. आणि कुणी घरी चोरून गाळतंय का ते हुंगत फिरणारे शिपाई आले.

यात मोहाचा धंदा बुडाला नाही, उलट जोरात चालला. मुंबईजवळ उरणला पारशी घराण्यांच्या भट्ट्या होत्या, गुजरातेतून मोहाची फुलं तिथे पोत्यांनी यायची आणि त्यांची दारू मुंबई प्यायची. म्हणजे कौटुंबिक भट्टी ही चीज इंग्रजांना मान्य होती. फक्त त्या कुटुंबाकडे भांडवल हवं. फुल वेचणाऱ्या बाईच्या घरातलं मडकं गुन्हा ठरलं आणि तेच फूल गिरणीएवढ्या भट्टीत गेलं की महसूल झाला. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा आला: फुलं जवळ बाळगण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर बंधनं. ज्या फुलावर माणसं उन्हाळा काढायची ते पुराव्याचा मुद्देमाल झालं.

ही दारू पाजून पैसा काढणं चालू असताना ते सगळ्यांनी मुकाट बघितलं असं नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असलेले जोतीराव फुले १८८०मध्ये शहरात वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेत होते. पण तिजोरीचा युक्तिवाद भारी पडला. विसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या उत्पन्नात अबकारी जमीन महसुलाच्या खालोखाल येऊन बसली.

माझ्या मते या कायद्याने सगळ्यात मोठा बदल केला तो पिण्याच्या वेळेत. घरी गाळायची तर फुलं किती, लाकूडफाटा किती आणि निमित्त काय, यांची आपोआप मर्यादा असते. लग्न ठरताना, बाळ जन्मल्यावर, मयताला, होळीला, इंदलच्या पूजेला, देवमोगरा मातेच्या यात्रेला ती लागते. पिण्याआधी जमिनीवर धार सोडून देव आणि पूर्वज यांचा वाटा द्यायचा असतो. दुकानाला असं निमित्त लागत नाही. दुकान रोज उघडतं. मात्र घरच्या भट्टीच्या काळात सगळं गोडच होतं असंही मी म्हणणार नाही. पिऊन झालेली मारहाण धार सोडल्याने थांबत नाही, आणि तिच्याबद्दल बोलायचा हक्क ज्यांचा होता त्या बायकांचं त्या काळातलं म्हणणं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

त्यामुळे पुढचा भाग मला या इतिहासातला सगळ्यात अवघड वाटतो. दारूविरुद्ध सगळ्यात जोरदार उठाव बाहेरून आला नाही, तो आदिवासींनीच केला. १९२१-२२मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली 'देवी' डोंगर ओलांडत दक्षिण गुजरातेत पोचली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून ती सांगायची: दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या पारशाकडे कामाला जाऊ नका. नवापूरच्या पलीकडच्या सोनगड-व्याऱ्यात हजारोंनी दारू सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. दारूचा मक्तेदार, सावकार आणि जमीनदार हा बहुतेकदा एकच माणूस असायचा, त्यामुळे पेला खाली ठेवणं म्हणजे त्याच्या वहीतून बाहेर पडणं होतं, हे त्यातून उमजतं.

डिसेंबर १९३६मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. दारूबंदी काँग्रेसच्या कार्यक्रमात होतीच. पण त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत तळोद्याच्या बाजूला जे घडलं ते कुठल्या ठरावातून आलेलं नव्हतं. मोरवडचे गुलाम महाराज यांनी भिल्लांना दारू-मांस सोडायला, स्वच्छ राहायला आणि एकमेकांना 'आप' म्हणायला सांगितलं. हा 'आप' मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाला गावात, शेतात, कचेरीत कायम 'अरे'च ऐकायची सवय, त्याने आपल्या शेजाऱ्याला, बायकोला, पोराला 'आप' म्हणायचं. त्यांच्या आरतीला हजारोंची गर्दी होऊ लागली. १९३८ साली ते वारले, तेव्हा त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. मोरवडला, म्हणजे रंजनपूरला, आजही लोक जमतात.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही दारू सोडायचं ठरवलं, म्हणजे लोकांनी. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, आणि १९५०पासून राज्यभर बंदी लागू झाली. मोहाच्या फुलांसाठी या कायद्यातही स्वतंत्र तरतूद होती. इंग्रजांनी मडकं गुन्हेगार केलं ते महसुलासाठी, स्वतंत्र सरकारने ते नीतीसाठी तसंच ठेवलं. दारात येणारा शिपाई बदलला नाही. पुढे बंदी सैल होत गेली, परवाने आले, देशी दारूची दुकानं आली, साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलवर देशी दारूचा सगळा व्यवसाय उभा राहिला. मोहाच्या घरगुती भट्टीचं कलम मात्र जागेवर राहिलं.

बंदीच्या काळात दारूची पाककृतीही बदलली. फुलं बाळगणं धोक्याचं झालं, तेव्हा काळा गूळ आणि नवसागर आला. गूळ कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, त्याला हंगाम नसतो, आणि ओढ्याकाठच्या झुडपात पिंपंच्या पिंपं आंबवता येतात. 'हातभट्टी' म्हणताच आज आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते हे. मोहाशी त्याचा संबंध नावापुरताही नाही. बेल्जियममध्ये करचुकवेगिरीतून एक पद्धत टिकली, आपल्याकडे बंदीतून दुसरीच तयार झाली. कुठली बरी, हे पिणाऱ्याच्या यकृताला विचारावं.

१९७२च्या दुष्काळात शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनी परत मिळवणं, मजुरी, रोजगार हमी हे तिचे विषय होते. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्लांतूनच पुढे आलेले पुढारी. संघटनेच्या शिबिरांत बायका बोलू लागल्या आणि बोलू लागल्यावर त्यांनी पहिला विषय काढला तो दारूचा, नवऱ्याच्या माराचा. मग त्या गटागटाने गावोगाव गेल्या आणि दारूची मडकी फोडली. मारकुट्या नवऱ्यांना गावासमोर उभं केलं. भारतातल्या स्त्री चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव येतं ते यामुळे.

या बायकांनी मडकं फोडताना ते मोहाचं की गुळाचं, पूजेचं की विक्रीचं, हे पाहिलं नसणार, आणि त्यांनी पाहायला हवं होतं असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. 'आदिवासी वारसा' म्हणून शहरात मोहाच्या कॉकटेलचं कौतुक सुरू झालंय, त्या कौतुकात शहाद्याची ही मडकी कुठेच नसतात, हे मला खटकतं. कांतियोंच्या संग्रहालयात पिंपं फोडायला कुणी आलं नव्हतं. आपल्याला हा वारसा हवा असेल तर तो फुटलेल्या खापरांसकट घ्यावा लागेल.

शिपायाने फोडलेलं मडकं आणि बायकांनी फोडलेलं मडकं, दोन्हींची खापरं सारखीच दिसतात. पण एकात निर्णय मुंबईत झालेला असतो, दुसऱ्यात पाड्यावर. १९९६च्या पेसा कायद्याने हा फरक पहिल्यांदा मान्य केला. अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालायची की नियमन करायचं, हे ग्रामसभेच्या अधिकारात आलं आणि मोहासारख्या गौण वनोपजाची मालकीही. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री यांतली गावं आणि नंदुरबारचा बराच भाग या क्षेत्रात येतो. महाराष्ट्राचे नियम यायला मात्र २०१४ उजाडलं. तिकडे 'आडवी बाटली'च्या मतदानाने बायकांना परवान्याचं दुकान बंद करता येतं, पण गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी मत द्यावं लागतं, आणि हातभट्टीला मुळात परवानाच नसल्याने तिच्यासाठी मतपेटीही नसते.

२०२१ साली राज्याने मोहाची फुलं वेचणं, साठवणं, वाहून नेणं यांवरचे निर्बंध उठवले. निदान फूल तरी सुटलं. पुढच्याच वर्षी दारू विदेशी झाली, तिथून आपण सुरुवात केली. पण विदेशी असो की देशी, ती गाळायला कारखाना, परवाना, शुल्क, बाटलीबंदी हे सगळं लागतं. टोपली घेऊन पहाटे निघणाऱ्या बाईला त्यातून काय मिळणार? फुलाचा भाव किलोमागे थोडा वाढला तर तेवढंच.

नर्मदेच्या पलीकडचा हिशोब वेगळा आहे. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत मोहाची दारू गाळायची आणि बाळगायची सूट आहे. तिथल्या सरकारने 'हेरिटेज' दारूचं धोरण आणलं आणि आलिराजपूर जिल्ह्यात एका बचत गटाने मोहाची दारू बाटलीत भरून विकायलाही सुरुवात केली. आपल्या बाजूला घरगुती वापराची अशी सूट नाही. दोन्ही काठांवर तेच भिल्ल, तेच बारेला, सोयरीकही इकडची तिकडे. सरदार सरोवराचं पाणी मागे चढल्यापासून अक्राणीच्या काही पाड्यांवर बोटीनेच जावं लागतं. वऱ्हाड पलीकडून बोटीत बसतं तेव्हा नवरदेवाच्या मामाजवळची लोटी कायदेशीर असते. बोट या काठाला लागते तेव्हा तो आरोपी असतो.